एकच इंजेक्शन लेकीला, आबांना आणि गाईला: हे काम करतं तरी कसं?

रानजाई

नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात एरवी फक्त वाचते, आज धागा काढतेय.

लेक सात वर्षांची आहे. गेल्या काही महिन्यांत छातीची वाढ सुरू झाली, उंचीही एकदम वाढली. डाव्या हाताच्या एक्स-रेत हाडांचं वय साडेनऊ निघालं. एमआरआय व्यवस्थित आहे, गाठबीठ काही नाही. निदान असं की वेळेआधी वयात येतेय, आणि तेही मेंदूकडून सुरू झालेलं. (मुलींत आठच्या आधी आणि मुलग्यांत नऊच्या आधी सुरुवात झाली तर ते लवकर धरतात म्हणे.) ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन दर महिन्याला घ्यायचंय, पहिलं पुढच्या आठवड्यात.

घ्यायचं की नाही हा प्रश्नच नाही, ते ठरलंय. खोक्यातला कागद वाचला आणि डोकं चक्रावलं. त्यात लिहिलंय की हे औषध मेंदूतल्या जीएनआरएच नावाच्या हार्मोनसारखंच आहे. आणि डॉक्टर म्हणाल्या होत्या की जीएनआरएच लवकर सुरू झालं म्हणूनच हे सगळं होतंय. मग त्यातच भर घालून ते थांबणार कसं? वर सासरे सांगतात, त्यांच्या मित्राला हेच इंजेक्शन प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी देतात. कुणी नीट उलगडून सांगेल का? 'गुगल करा' सोडून काहीही चालेल.

घाईत

इतक्या लहान मुलीला हार्मोनची इंजेक्शनं? पिशवीतलं दूध आणि चिकन बंद करून बघा आधी.

रानजाई

@घाईत, हा सल्ला घरातल्या प्रत्येकाने एकेकदा देऊन झालाय. तरी आभार.

आबा_सातारकर

मी तो सासऱ्यांचा मित्र नव्हे, पण त्याच पंगतीतला. प्रोस्टेटसाठी तीन महिन्यांनी एकदा ल्युप्रोलाइड घेतो. वय ७४, पेशाने मास्तर, आता निवृत्त.

एक गोष्ट मलाही कोड्यात टाकून गेली होती. पहिल्या इंजेक्शनच्या आधीपासून बायकॅल्युटामाइडच्या गोळ्या चालू केल्या होत्या. का, तर म्हणे 'या इंजेक्शनने टेस्टोस्टेरॉन आधी वाढतं आणि मग पडतं, त्या वाढीत कॅन्सरने डोकं वर काढू नये म्हणून'. जे आधी वाढवतं तेच पुढे पाडतं! डॉक्टरांच्या दाराबाहेर वीस माणसं बसलेली, पुढे काय विचारणार. तेव्हा ताई, मीही तुमच्याच बाकावर.

पेशीवेडा

अरे वा, कित्येक वर्षं जीएनआरएचच्या रिसेप्टरवर (हार्मोन ओळखणारं पेशीवरचं प्रथिन) घालवली आहेत, त्यामुळे राहवत नाही. मी डॉक्टर नाही, प्रयोगशाळेतला माणूस आहे. उपचाराचं तुमच्या डॉक्टरांना विचारा, यंत्रणेचं मी सांगतो.

जीएनआरएच म्हणजे फक्त दहा अमिनो आम्लांची चिमुकली साखळी. ती शोधायला मात्र दोन प्रयोगशाळांनी एकमेकांशी उभा दावा मांडला होता. अँड्र्यू शॅली डुकरांचे मेंदू घेऊन बसले, रॉजर गियमँ मेंढ्यांचे. कत्तलखान्यांतून लाखांनी हायपोथॅलॅमस (मेंदूच्या तळाचा छोटा भाग) गोळा करून, वाटून, गाळून १९७१ साली रचना हाती लागली आणि १९७७ चं नोबेल दोघांना विभागून मिळालं (रोझॅलिन यॅलो तिसऱ्या, हार्मोन मोजण्याची पद्धत शोधल्याबद्दल).

हे हार्मोन तयार करणाऱ्या चेतापेशी अख्ख्या मेंदूत हजार-दोन हजारच. त्या हायपोथॅलॅमसच्या तळाशी असलेल्या बारीक रक्तवाहिन्यांत थोडं जीएनआरएच सोडतात. त्या वाहिन्या थेट मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीत उतरतात, शरीराला फेरी मारून येत नाहीत. खाली पिट्युटरीतल्या गोनॅडोट्रोप नावाच्या पेशींवर त्याचे रिसेप्टर असतात. तिथे ते बसलं की एलएच आणि एफएसएच ही दोन हार्मोन रक्तात येतात आणि अंडाशयाला किंवा वृषणाला कामाला लावतात.

आता मुद्दा. हे जीएनआरएच सतत झिरपत नाही. झटक्याने येतं, थांबतं, पुन्हा येतं. रक्तात ते जेमतेम काही मिनिटं टिकतं, त्यामुळे दोन झटक्यांच्या मधे पिट्युटरीला खरोखरची शांतता मिळते. वयात येऊ लागलेल्या मुलाच्या हाताला सुई लावून रात्रभर दर दहा-वीस मिनिटांनी रक्त घेतलं आणि एलएच मोजून आलेख काढला, तर हे उघड दिसतं. दिवसा रेघ जवळजवळ सपाट. मूल झोपलं की एक सुळका, ओसरला, काही वेळाने दुसरा सुळका. वयात येण्याची अगदी पहिली खूण ही अशी झोपेतली असते, बाहेर काही दिसायच्या आधीची.

आणि १९७८ साली पिट्सबर्गच्या अर्न्स्ट नोबिल यांच्या गटाने तो प्रसिद्ध प्रयोग केला. ऱ्हीसस माकडिणींच्या हायपोथॅलॅमसमधला जीएनआरएच देणारा भाग निकामी केला. एलएच, एफएसएच दोन्ही तळाला गेले. मग बाहेरून जीएनआरएच दिलं. दर तासाला सहा मिनिटं दिलं तेव्हा दोन्ही हार्मोन झकास परत आले. तेच सलग धार लावून दिलं तर पुन्हा तळाला. धार थांबवून तासाची लय लावली की परत वर. औषध तेच, माकडीण तीच.

रानजाई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर या प्रयोगात आहे. पिट्युटरीला जीएनआरएच किती आलं एवढंच कळून भागत नाही, ते कोणत्या लयीत आलं हे लागतं. लेकीला मिळणार ते इंजेक्शन म्हणजे सलग धार. लय पुसली जाते.

आबा_सातारकर

कळलं! वर्गात मास्तर अधूनमधून ओरडला तर पोरं दचकून गप्प बसतात. दिवसभर ओरडत राहिला तर कुणी ढुंकून बघत नाही. पस्तीस वर्षांचा अनुभव आहे.

पेशीवेडा

@आबा, झकास. फक्त तुमच्या पोरांना कंटाळा येतो, आमच्या पेशी त्याहून पुढे जातात. त्या कानच काढून आत ठेवतात.

थोडं आत शिरतो, ज्यांना नको त्यांनी पुढच्या प्रतिसादावर उडी मारावी.

जीएनआरएचचा रिसेप्टर हे पेशीच्या आवरणात सात वेळा आत-बाहेर शिवलेलं प्रथिन. अशा घराण्याचे शेकडो रिसेप्टर आपल्या अंगात आहेत, अ‍ॅड्रिनॅलिनचा त्यातलाच. बहुतेकांना पेशीच्या आत एक शेपटी असते. हार्मोन फार वेळ बसून राहिलं की त्या शेपटीवर फॉस्फेट चिकटतात, अ‍ॅरेस्टिन नावाचं प्रथिन येऊन तिला धरतं आणि रिसेप्टर काही मिनिटांत गप्प होतो. सस्तन प्राण्यांतल्या जीएनआरएच रिसेप्टरला ही शेपटीच नाही! १९९२ मध्ये उंदराच्या पेशींतून त्याचा जीन हाती आला तेव्हा पहिली चर्चा याच गोष्टीची झाली. शेपटी नाही म्हणून तो पटकन गप्प होत नाही. बीज सुटण्याआधी एलएचची जी मोठी लाट येते ती तास न् तास चालते, तेव्हा हा हट्टीपणा कामाला येतो असं मला वाटतं.

संदेश आत जातो तो असा. जीएनआरएच बसलं की रिसेप्टर आतल्या बाजूला जीक्यू नावाच्या प्रथिनाला जागं करतो. ते फॉस्फोलायपेज सी ला, आणि ते आवरणातल्या एका मेदरेणूचे दोन तुकडे करतं. एक तुकडा पेशीतल्या कोठारातून कॅल्शियम सोडवतो. कॅल्शियम वाढलं की तयार एलएचच्या पुड्या पेशीच्या काठाशी फुटतात, हे काही सेकंदांचं काम. दुसरा तुकडा प्रोटीन कायनेज सी मार्फत केंद्रकापर्यंत निरोप पोचवतो आणि नवं एलएच, एफएसएच तयार करणारे जीन चालू होतात. याला तास लागतात.

लय इथे पुन्हा येते. दोघांचे जीन वेगवेगळ्या लयीला दाद देतात. तासाला एक झटका असेल तर एलएचचं पारडं जड, तीन-चार तासांनी एक असेल तर एफएसएचचं. पाळीच्या पहिल्या पंधरवड्यात बाईच्या अंगात झटके साधारण ६० ते ९० मिनिटांनी येतात, बीज सुटून गेल्यावर प्रोजेस्टेरॉन त्यांना तीन-चार तासांवर आणतं. एकाच हार्मोनने, एकाच रिसेप्टरवरून, दोन वेगळी हार्मोन हवी तशी कमी-जास्त करायची ही युक्ती मला अजूनही थक्क करते.

आणि ल्युप्रोलाइड? मूळ साखळीत सहाव्या जागी ग्लायसिन असतं. तिथे ल्युसिनचं उजवं-डावं उलट केलेलं रूप बसवलं आणि शेवटचं टोक थोडं बदललं, की रक्तातल्या कात्र्यांना ते कापता येईना. मिनिटांऐवजी तासांवर टिकतं, रिसेप्टरवर जास्त घट्ट बसतं, आणि महिन्याच्या डेपो (साठा करून ठेवणाऱ्या) इंजेक्शनमधून रोज थोडं थोडं सुटत राहतं. सुरुवातीचे काही दिवस पिट्युटरी आज्ञा पाळते, साठवलेलं एलएच ओतून देते. आबांच्या गोळ्या त्या दिवसांसाठी. मग हळूहळू रिसेप्टर आत ओढले जातात, उरलेल्यांची आतली साखळी ढिली पडते, एलएचचा जीन बंद होतो. आबांच्या बाबतीत टेस्टोस्टेरॉन तळाला जायला तीनेक आठवडे लागले असतील.

गंमत म्हणजे पेशी झोपत नाहीत. एलएच आणि एफएसएच दोन तुकड्यांचे बनतात, त्यातला अल्फा तुकडा दोघांत सारखाच. ल्युप्रोलाइड चालू असताना हा सुटा अल्फा तुकडा रक्तात उलट वाढलेला सापडतो. पेशी अर्धा माल बनवत राहते, ज्याचा काही उपयोग नाही.

सूतिका

मी स्त्रीरोग बघते. रानजाई, एक व्यवहाराची गोष्ट. पहिल्या इंजेक्शननंतर एखाद्या मुलीला थोडा रक्तस्राव होतो. वर पेशीवेडा म्हणाले त्या सुरुवातीच्या उसळीमुळे, आणि मग एस्ट्रोजेन घसरल्यामुळे. घाबरू नका, पण डॉक्टरांना कळवा. मुलीलाही आधी दोन शब्दांत सांगून ठेवा, नाहीतर शाळेच्या बाथरूममध्ये एकटी घाबरेल. आणि ही लय पुसण्यामागे उंचीचंही कारण आहे. एस्ट्रोजेनने हाडांची टोकं लवकर जुळून जातात. आत्ता वर्गात सगळ्यांत उंच दिसणारी मुलगी पुढे बुटकी राहते. इंजेक्शन थांबवलं की लय पुन्हा सुरू होते, बहुतेक मुलींची पाळी त्यानंतर वर्ष-दीड वर्षात येते.

गोठेवाला

दंडवत. पशुवैद्य आहे, अहिल्यानगर जिल्हा. दोन दिवस धागा वाचतोय, आता प्रश्न माझा.

आमच्याकडे बुसेरेलिन रोज लागतं. तेच घराणं ना? गाय माजावर येते, सोट (माजाचा चिकट स्राव) स्वच्छ टाकते, रेतन केलं तरी उलटते, म्हणजे गाभण राहत नाही. अशा गाईला रेतनाच्या वेळी अडीच मिली टोचतो, म्हणजे १० मायक्रोग्रॅम. आणि मुका माज असलेल्या जनावरांना, उन्हाळ्यात म्हशींना फार, 'ओव्हसिंक' लावतो. पहिल्या दिवशी बुसेरेलिन, सात दिवसांनी प्रोस्टाग्लँडिन, त्यानंतर दोन दिवसांनी परत बुसेरेलिन आणि १६ ते २० तासांनी माज दिसो न दिसो, रेतन. विस्कॉन्सिनवाल्यांनी १९९५ मध्ये ही पद्धत छापली, आज आमच्या तालुक्यात शेतकरी नावानिशी मागतो.

पण मी तर बीज सोडवायला देतो! तुमच्या हिशेबाने गाय बंद पडायला पाहिजे.

सूतिका

डॉक्टर, तुम्ही एकदाच टोचता आणि निघून जाता. तुम्हाला फक्त उसळी हवी असते. एका सुईने पिट्युटरी साठा ओतते, साधारण दोन तासांत गाईचं एलएच शिखरावर जातं आणि पक्व बीज दिवसभराने सुटतं. रोज टोचत राहिलात, किंवा डेपो दिलात, तर तुमचीही गाय बंद पडेल.

आम्हीही हेच करतो. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात बीजं वाढत असताना एलएचची लाट आपोआप येऊन घोटाळा होऊ नये म्हणून रिसेप्टर अडवून धरणारं वेगळं औषध देतो, सेट्रोरेलिक्स वगैरे. ती औषधं रिसेप्टरवर बसतात पण आत काहीच निरोप देत नाहीत, त्यामुळे उसळीही नाही. बीजं तयार झाली की मग ट्रिप्टोरेलिन किंवा ल्युप्रोलाइडची एक सुई. ते अडवणाऱ्याला बाजूला सारून बसतं, एलएच उसळतं आणि सुमारे ३६ तासांनी बीजं काढून घेतो. ज्या बाईची अंडाशयं औषधाने फार फुगण्याचा धोका असतो तिच्यासाठी ही पद्धत वरदान आहे.

गोठेवाला

हां, आता बसलं. म्हणजे आम्ही गाईच्या डॉक्टरांनी आणि तुम्ही बायांच्या डॉक्टरांनी एकाच बाटलीतली पहिली धार वापरायची, आणि मुलांच्या डॉक्टरांनी उरलेली.

रानजाई

मंडळी, केवढे उपकार. एवढं कुणीच सांगितलं नव्हतं. उसळीचं डॉक्टरांना विचारलं, त्यांनीही होकार दिला. लेकीला काल रात्री सांगितलं, तिने फक्त 'सुई किती मोठी?' एवढंच विचारलं.

आता दुसरा किडा. ही लय मुळात चालू कोण करतं? आणि माझ्या मुलीची तीन वर्षं आधी का चालू झाली?

पेशीवेडा

हा प्रश्न २००३ पर्यंत जवळपास अंधारात होता. आणि पहिला भाग तर आणखी नवलाचा आहे. लय जन्मतःच चालू असते. पहिल्या काही महिन्यांत तान्ह्या बाळांचं एलएच, एफएसएच चांगलं चढलेलं असतं, मुलग्यांचं टेस्टोस्टेरॉनही. मग मेंदू त्यावर ब्रेक लावतो आणि आठ-दहा वर्षं तो दाबून धरतो. वयात येणं म्हणजे बऱ्याच अंशी ब्रेक सुटणं.

किस्सा असा. १९९६ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या हर्शी गावी कॅन्सरचा प्रसार रोखणारा एक जीन सापडला. गाव हर्शी चॉकलेटचं, म्हणून त्यांच्या 'किस' गोळ्यांवरून जीनचं नाव किस-१. त्यातून बनणारं किसपेप्टिन प्रजननाशी संबंधित असेल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. २००३ मध्ये दोन गटांनी वेगवेगळ्या कुटुंबांत बघितलं की काही मुलं वयातच येत नाहीत, आणि त्यांच्यात किसपेप्टिनचा रिसेप्टर बिघडलेला आहे. पिट्युटरी चांगली, बाहेरून जीएनआरएच दिलं तर प्रतिसाद देते. वरून हुकूम येत नाही एवढंच.

आज चित्र बरंच स्पष्ट आहे. हायपोथॅलॅमसच्या आर्क्युएट भागात काही चेतापेशी आहेत ज्या तीन रसायनं बनवतात: न्यूरोकायनिन बी, डायनॉर्फिन आणि किसपेप्टिन. न्यूरोकायनिन बी शेजारच्या सोबतिणींना चेतवतं, सगळ्या एकदम पेटतात. त्यामागोमाग डायनॉर्फिन ओपिऑइड रिसेप्टरवरून त्यांना गप्प करतं. या चेतवण्या-विझवण्यातून लय तयार होते, आणि दर पेटण्याबरोबर किसपेप्टिन जीएनआरएचच्या पेशींवर सुटतं. उंदरात या पेशींची कॅल्शियमची चमक जिवंतपणी मोजता येते. प्रत्येक चमकेमागून काही मिनिटांत रक्तात एलएचचा सुळका येतो. तो आलेख मी पहिल्यांदा बघितला तेव्हा बराच वेळ नुसता बघत बसलो होतो.

तुमच्या मुलीच्या बाबतीत का झालं हे मी सांगू शकत नाही, मुलींमध्ये बहुतेक वेळा कारण सापडत नाही. पण घराण्यात असेल तर एक जीन माहीत आहे, एमकेआरएन-३. २०१३ मध्ये सापडला. हा ब्रेकपैकी एक. त्यात बिघाड झाला तर लय लवकर सुटते. विशेष म्हणजे आईकडून आलेली प्रत मुळातच मिटलेली असते, त्यामुळे बिघाड वडिलांकडून आला तरच परिणाम दिसतो.

रानजाई

थांबा. नवऱ्याला मिसरूड चौथीत फुटलं होतं, वर्गात सगळे 'काका' म्हणायचे. सासूबाई हे अभिमानाने सांगतात.

सूतिका

मग हे पुढच्या भेटीत डॉक्टरांच्या कानावर घालाच. उपचार बदलणार नाही, पण धाकटं भावंड असेल तर लक्ष ठेवता येईल.

निळावंती

इथेच विचारते. माझ्या चुलतभावाला वयात यायला उशीर झाला आणि त्याला वास येत नाही. डॉक्टर म्हणाले दोन्हीचं कारण एकच. नाक आणि दाढीमिशीचा काय संबंध?

पेशीवेडा

कॉलमन सिंड्रोम म्हणत असतील. जीएनआरएचच्या पेशी मेंदूत जन्मत नाहीत. गर्भात त्या नाकाच्या जागी जन्मतात आणि वासाच्या नसांचा माग धरून मेंदूत चढतात. वाट दाखवणारी प्रथिनं नसली तर ना वासाच्या नसा नीट पोचतात, ना या पेशी. भावाचा रिसेप्टर ठीक असणार, त्याच्याकडे येणारं हार्मोनच नाही. अशांना छोट्या पंपाने दर दीड-दोन तासांनी जीएनआरएच देऊन वृषण कामाला लावता येतं, म्हणजे नोबिल यांच्या माकडिणीचीच युक्ती. व्यवहारात टेस्टोस्टेरॉन, आणि मूल हवं असेल तेव्हा एचसीजी (एलएचसारखं काम करणारं हार्मोन) आणि एफएसएचची इंजेक्शनं जास्त वापरतात.

घाईत

एक शंका, खोचक नाही. सगळे सांगतात एस्ट्रोजेन वाढलं की मेंदूला कळतं आणि तो एलएच कमी करतो. मग बीज सुटायच्या आधी एस्ट्रोजेन सगळ्यात जास्त असताना एलएच वाढतं कसं?

पेशीवेडा

@घाईत, धाग्यातला सर्वांत चांगला प्रश्न तुमचा.

एस्ट्रोजेनचा रिसेप्टर वेगळ्या जातीचा. तो केंद्रकात असतो, हार्मोन बसलं की थेट डीएनएवर जाऊन जीन चालू-बंद करतो. त्याचे दोन प्रकार, अल्फा आणि बीटा. मजेची गोष्ट अशी की या कामाचा मुख्य रिसेप्टर अल्फा, आणि जीएनआरएचच्या पेशींत तोच नसतो. म्हणजे ज्यांनी ऐकायचं त्यांनाच कान नाहीत. वर्षानुवर्षं हे कोडं होतं. कान आहेत ते किसपेप्टिनच्या पेशींना. उंदरात त्यांचे दोन गट. आर्क्युएटमधल्यांत एस्ट्रोजेन किस-१ जीन दाबतं, पुढच्या बाजूच्या दुसऱ्या गटात तोच जीन वाढवतं. हार्मोन एक, रिसेप्टर एक, पण पेशी वेगळी म्हणून निकाल उलटा. रोजच्या कमी एस्ट्रोजेनला पहिला गट उत्तर देतो. बाईत एस्ट्रोजेन रक्ताच्या दर मिलीत सुमारे २०० पिकोग्रॅमच्या वर जाऊन दोनेक दिवस टिकलं तर लाट सुटते.

पण माकडिणीत आणखी एक भानगड. नोबिल यांनी १९८० मध्ये दाखवलं की बाहेरून दर तासाला ठराविक जीएनआरएच देत राहिलं, त्यात काडीचाही फरक केला नाही, तरी एलएचची लाट वेळेवर येते आणि बीज सुटतं. म्हणजे वरून लय वाढलीच पाहिजे असं नाही. एस्ट्रोजेन पिट्युटरीवरच काम करून तिला जास्त हळवी करतं, तेवढ्याच झटक्याला ती कैक पटीने एलएच सोडते. उंदराचं पुस्तक उघडून माणसाला लावणाऱ्यांशी माझं कायम भांडण होतं ते यावरून.

जिमखाना

जिममध्ये एक जण टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं सुचवतोय, 'नॅचरल' आहे म्हणतो. या हिशेबाने?

सूतिका

या हिशेबाने मेंदूला वाटतं भरपूर आहे, तो जीएनआरएचचे झटके बंद करतो, एलएच-एफएसएच पडतं आणि वृषणाचं स्वतःचं कामकाज थंडावतं. रक्तात टेस्टोस्टेरॉन भरपूर, वृषणाच्या आत दुष्काळ. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये याच तत्त्वावर पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून आठवड्याला एक इंजेक्शन तपासलं होतं आणि बहुसंख्य पुरुषांचे शुक्राणू काही महिन्यांत शून्यावर आले होते. मूल होत नाही म्हणून येणाऱ्या जोडप्यांत असे दंडवाले नवरे मला दिसतात. बंद केल्यावर बहुतेकांचे परत येतात, पण महिने जातात.

आबा_सातारकर

जाता जाता माझंही एक. इंजेक्शन सुरू झाल्यापासून अंगातून वाफा निघतात. रात्री बनियन भिजतो. बायको म्हणते, 'आता कळलं ना मला पन्नाशीत काय होत होतं?'

सूतिका

आबा, वहिनी बरोबर आहेत, कारण एकच. एस्ट्रोजेन-टेस्टोस्टेरॉन गेलं की त्या न्यूरोकायनिनवाल्या पेशींवरचा दाब उठतो. रजोनिवृत्तीनंतर त्या आकारानेही मोठ्या झालेल्या सापडतात. शेजारीच शरीराचं तापमान सांभाळणारा भाग, तिथे त्यांचे धागे जातात, आणि गार खोलीतही घाम फुटतो. न्यूरोकायनिनचा रिसेप्टर अडवणारं फेझोलिनेटंट नावाचं औषध अमेरिकेत मे २०२३ मध्ये रजोनिवृत्तीच्या वाफांसाठी मंजूर झालं. हार्मोन नसलेलं औषध, पण यकृतावर लक्ष ठेवावं लागतं, तसा ठळक इशारा २०२४ च्या अखेरीस त्यावर छापला गेला. तुमच्यासाठी ते मंजूर नाही. पण दुसरी औषधं आहेत, ऑन्कॉलॉजिस्टना नक्की सांगा. 'वयामुळे असेल' म्हणून सोसू नका.

चिंच

वाचता वाचता माझाच रिपोर्ट आठवला. वय ३१, पाळी दोन-दोन महिने लांबतेय. प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन) ७८ आलं, वरची मर्यादा २५ च्या आसपास लिहिलीय. मैत्रिणीने मेंदूत गाठ असेल म्हणून घाबरवलंय.

सूतिका

आधी सांगा, अ‍ॅसिडिटीची गोळी घेता का? रोज सकाळी उपाशीपोटी?

चिंच

हो, गेल्या वर्षापासून. साधी पॅन्टोप्राझोलची. मेडिकलवाला देतो ती.

सूतिका

पाकिटावर मागे बघा, डॉम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड लिहिलंय का.

चिंच

डॉम्पेरिडोन ३० मिग्रॅ. अरेच्चा.

सूतिका

पिट्युटरीतल्या प्रोलॅक्टिनवर डोपामिनचा सततचा दाब असतो, डी-२ रिसेप्टरवरून. डॉम्पेरिडोन तो रिसेप्टर अडवतं. रक्त आणि मेंदू यांच्यामधली भिंत ओलांडून ते मेंदूत फारसं शिरत नाही म्हणून सुरक्षित मानतात, पण पिट्युटरी त्या भिंतीच्या बाहेर आहे. दाब उठला की प्रोलॅक्टिन चढतं, ते किसपेप्टिनच्या पेशींना दाबतं, जीएनआरएचची लय मंदावते आणि पाळी लांबते. अंगावर पाजणाऱ्या आईची पाळी लांबते तिथेही प्रोलॅक्टिन असंच चढलेलं असतं.

स्वतःहून निष्कर्ष काढू नका. तुमच्या डॉक्टरांना ती गोळी दाखवा, डॉम्पेरिडोन नसलेली चालेल का विचारा, आणि त्यांच्या सल्ल्याने ती काही दिवस बंद ठेवून प्रोलॅक्टिन पुन्हा तपासा. गर्भधारणेची चाचणी आणि थायरॉइड केलं नसेल तर तेही. त्यानंतरही चढलेलंच असेल तर मग एमआरआयचा विचार.

चिंच

थायरॉइड नॉर्मल आहे, दुसरी चाचणीही निगेटिव्ह. सोमवारची वेळ घेतली. मेडिकलवाल्याला काय सांगू?

गोठेवाला

त्याला सांगा, पुढच्या वेळी चिठ्ठी बघून दे. आमच्याकडे गाईलासुद्धा बघून देतात.